निधान

सांडूरच्या खाणीवरच्या लिलावात घेतलेली ही पिकअप,
तीन हात फिरून आलेली. चौथा माझा.
सहा पावसाळे धुतली,
तरी दाराच्या सांध्यातनं अजून लाल भुकटी गळते,
बसलं की धोतराला, पँटला, पोरीच्या दप्तराला.
बायको म्हणते, सवत आणलीस ती आणलीस,
वर कुंकू सांडत फिरणारी.

उद्यमबागेत फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
बसलिंगचं चार पत्र्यांचं वर्कशॉप.
त्यानं माप कागदावर घेतलं नाही,
टाचेनं मातीत रेघा मारल्या.
पुढचा बंपर आठ एमेमचा,
पाटे दोन इंच वर,
आणि इंजिनाच्या श्वासाची नळी
काचेच्या कडेकडेनं थेट टपापर्यंत.
"गळ्यापर्यंत पाण्यात गेली तरी नाक वर राहतंय बघ,"
तो म्हणाला, "माणसाला बसत नाही हे. विचारून जातात लोक."
विंच जुनीच. पोलादी तार काढून टाकायला लावली त्यानं,
सिंथेटिक दोर भरला.
तार तुटली तर मान घेऊन जाते.
दोर तुटला तर नुसता पडतो,
दमून आल्यासारखा.

खानापूरच्या नाक्यावर साहेबानं पावती फाडली.
त्यावरचं कन्नड पोरीकडनं वाचून घेतलं,
ती शाळेत शिकते.
'मूळ रूपात बदल,' म्हणाली.
वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मग फोन यायला लागले.
जांबोटीपास्नं चोर्ल्यापर्यंत
जो घसरला, जो कलंडला, ज्याचा क्लच जळाला, तो माझा.
गोव्याहून आलेला मासळीचा टेम्पो काढला,
आठ दिवस दोराला बांगड्यांचा वास.
कोल्हापूरचं वऱ्हाड काढलं,
नवरदेव खाली उतरेना, बुटाला चिखल लागेल म्हणून;
त्याच्यासकट ओढला.
सगळ्यांना एकच सांगायचो:
ओढणारा मी, पण ब्रेक तुझा.
दोर सैल पडू द्यायचा नाही.
सैल पडला की हिसका बसतो,
आणि हिसक्यानं जे तुटतं ते दोर नसतं.
माना डोलवायचे.
उतारावर सगळे विसरायचे.

पारवाडच्या वाटेवर, साकवाच्या अल्याड,
गेल्या श्रावणात माझीच बसली.
पहिल्यांदा मागची चाकं, मग मधला गोळा,
मग आठ एमेमचा बंपर.
जांभळीला पट्टा बांधून विंच लावली.
मोटर कण्हली, जळक्या लाखेचा वास सुटला, गप्प.
खाणीतनं आलेली,
परत मातीत चालली होती बहुतेक.

चिखलणीला आलेला बैलहोंगलचा चन्नाप्पा
ट्रॅक्टर घेऊन आला, न विचारता.
आदल्या वर्षी त्याची ट्रॉली मी काढली होती,
पाचशे घेतले होते.
दोर अडकवला, माझ्याकडं बघून हात हलवला:
"निधान, अण्णा. निधान."

त्यांच्यात निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात, जमिनीत पुरलेलं धन.
मी धनावर बसून होतो,
कमरेपर्यंत चिखलात,
आणि ते सावकाश वर येत होतं.

इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं.
समोर एक पाठ, घामानं नकाशा झालेली.
ती जाईल तिकडं जायचं.
दहा वर्षं शिकवलेलं
आता माझ्या उजव्या पायात होतं, थरथरत.
उतारावर एकदा दोर सैल पडला.
हिसका दाताला लागला.
चन्नाप्पानं वळून बघितलं,
बोलला काही नाही.

डांबर लागलं. "किती?"
त्यानं पंजा दाखवला.
मी पाचशेची नोट दिली,
एकच होती, तरी दोनदा मोजली त्यानं,
हसला नाही, मीही नाही.
मग ओहोळात दोर धुतला,
कोपर ते पंजा, कोपर ते पंजा गुंडाळून
माझ्या सीटवर ठेवला.

घरापर्यंत तो ठिबकत राहिला.
अर्धा काळा चिखल, अर्धी लाल भुकटी.